भाजणी नसताना थालीपीठ: वीस मिनिटांत कुणाला जमतं का?

उशिराची_लोकल (सोमवार, रात्री १०:१२)

आई ताईच्या बाळंतपणाला नाशिकला गेली आहे, दीड महिना तरी येत नाही. घरात मी आणि बाबा. डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. भात-आमटी मला येते, पोळ्या समोरच्या इमारतीतल्या काकू करून देतात. पण बाबांनी जाहीर केलंय की आठवड्यातून दोनदा तरी थालीपीठ पाहिजे. भाजणीचा डबा आई गेली तेव्हाच रिकामा होता.

आज प्रयत्न केला. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, बेसनाच्या डब्यातलं पाऊण वाटी, मूठभर कणीक, दोन कांदे, तिखट, मीठ, कोथिंबीर. नळाच्या पाण्याने मळलं, दुधाच्या पिशवीवर थापलं. तव्यावर उलटलं तर अर्धं पिशवीला आणि अर्धं तव्याला. दुसरं अख्खं उतरलं, पण वरून करपलेलं आणि आतून पिठूळ. तिसऱ्याचे मी मुद्दामच तुकडे केले. बाबांनी "उपमा बरा झालाय" म्हणत खाल्लं.

तर प्रश्न असे: भाजणीशिवाय थालीपीठ जमतं का? तुटतं का? आणि दमून आलेल्या माणसाने वीस मिनिटांत ताटात यावं असं काही करता येतं का?

सोनचाफा_७ (सोमवार, रात्री १०:२०)

बाबांना साष्टांग नमस्कार. "उपमा बरा झालाय" हे वाक्य आमच्या घरी पाठ करायला देते.

भाजणीवाली_मावशी (सोमवार, रात्री १०:४५)

अरे बाळा, भाजणी नाही तर थालीपीठ नाही. पीठ कालवून तव्यावर घातलं की झालं, असं असतं तर आम्ही उन्हाळ्यात कढईपुढे घाम गाळत कशाला बसलो असतो? धान्य भाजलं की त्याचा कच्चटपणा जातो, तव्यावर फार वेळ लागत नाही. तुझं आतून पिठूळ राहिलं ते त्यामुळेच.

माझं प्रमाण लिहून ठेव. ज्वारी १ किलो, बाजरी अर्धा, तांदूळ अर्धा, हरभरा डाळ अर्धा, उडीद डाळ पाव, गहू पाव, धणे १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम. सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजायला गेलास तर ज्वारी तापेपर्यंत जिऱ्याचा कोळसा होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला न्यायचं नाही. दळण किंचित रवाळ हवं. आणि गिरणीत गेल्यावर आधी विचारायचं, "आत्ता काय दळलंत?" गेल्या वर्षी माझी तीन किलो भाजणी कुणाच्या तरी मिरचीवर दळली गेली. दोन महिने आम्ही थालीपिठाबरोबर तांब्याभर पाणी घेऊन बसायचो.

लातूरकर_पुण्यात (सोमवार, रात्री ११:०२)

मावशी, मान राखून असहमत. आमच्याकडे धपाटे होतात ते साध्या पिठाचेच. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, हळद, ओवा, तीळ. भाजाभाजी काही नाही. रानात न्या, एसटीत न्या, दुसऱ्या दिवशीही मऊ. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी, बास. दीड महिना भाजणीवाचून कुणी उपाशी मरत नाही.

भाजणीवाली_मावशी (सोमवार, रात्री ११:०९)

धपाट्याला धपाटं म्हणा की, मी कुठे अडवलंय? फक्त थालीपीठ म्हणू नका.

दोडका (सोमवार, रात्री ११:११)

सुरू झालं. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

करडई (मंगळवार, सकाळी ७:३०)

@उशिराची_लोकल, नावाचं भांडण चालू दे, तुझ्या तव्याचं बघू. तू लिहिलंयस त्यात मला तीन-चार ठिकाणी घोळ दिसतो.

पहिला घोळ नळाच्या पाण्याचा. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, त्यामुळे गार पाण्यात कितीही मळलंस तरी पीठ एकमेकांना धरत नाही. पाणी कडकडीत घे, पिठात ओतून उलथण्याच्या टोकाने कालव, पाच मिनिटं झाकून ठेव, मग हाताने मळ. भाकरीला आई उकळतं पाणी घालते ते बघितलं असशील. तेच.

दुसरा कांद्याचा. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो. मळताना घट्ट वाटलेला गोळा तिसऱ्या थालीपिठापर्यंत लगदा होतो. दोन वाट्या पिठाला एक मध्यम कांदा पुरे, तोही बारीक चिरलेला, आणि आधी कांदा-मीठ-तिखट चुरडून घेऊन मग पीठ घालायचं. म्हणजे त्याचं जे काही पाणी सुटायचं ते आधीच सुटतं आणि वर किती लागेल याचा अंदाज येतो.

तिसरा आचेचा. तवा धूर येईस्तोवर तापवला असणार. थालीपीठ म्हणजे भाकरी नव्हे, त्याला मध्यम आच, झाकण आणि धीर लागतो. मधोमध एक आणि कडेने चार भोकं पाड, प्रत्येकात थेंब-थेंब तेल सोड. भोकं शोभेची नाहीत, तेल तिथूनच खाली पोचतं. आणि कडा आपोआप सुटेपर्यंत उलथणं लावायचंच नाही. पहिली बाजू चार मिनिटं तरी घेते. हात शिवशिवला तर पलीकडे जाऊन ताटं घे.

आता भाजणीचं. मावशींचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर पळवाट आहे: तयार पीठच भाजायचं. चार वाट्या ज्वारीचं, एक बेसन, एक तांदळाचं, असल्यास अर्धी वाटी उडदाचं. रविवारी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, बेसनाचा लाडू करताना येतो तसा वास येईपर्यंत. चार चमचे धणे आणि दोन चमचे जिरं भाजून भरड करून त्यात घालायचं. डबाभर होतं, महिनाभर टिकतं. रवाळपणा येत नाही, पण वास ओळखीचा येतो. बाजरीचं पीठ मात्र यात घालू नकोस. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दुकानातलं पीठ कधी दळलेलं असतं कोण जाणे, कडू निघालं तर सगळा डबा गेला.

सोनचाफा_७ (मंगळवार, सकाळी ९:०५)

वाचनखूण साठवली. दहा वर्षं थालीपीठ करतेय आणि भोकं छान दिसतात म्हणून पाडत होते.

बिडाचा_तवा (मंगळवार, सकाळी ११:४०)

वीस मिनिटांत हवं असेल तर थापण्याच्या भानगडीत पडायचंच कशाला? घावन करा. एक वाटी तांदळाचं पीठ, मीठ, ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. झालं पीठ. हवं तर जिरं आणि मिरची घाला. तवा मात्र चांगला तापलेला हवा, थालीपिठाच्या बरोबर उलट. अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा (आमच्याकडे वांग्याचं देठही चालतं), आणि पीठ कडेकडेने ओतत मध्यावर यायचं. पळीने पसरायला गेलात की जाळी गेली. ओतताना चर्र आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही, तो पहिला घावन मांजराला. झाकण ठेवा, दीड मिनिटाने काढा. दर वेळी ओतण्याआधी पीठ ढवळायचं, तांदूळ तळाला बसतो.

वरून ओलं खोबरं नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ. पण उसळ केलीत तर वीस मिनिटांचं विसरा.

दोडका (मंगळवार, सकाळी ११:५२)

प्रश्न थालीपिठाचा, उत्तर घावन. कोकणी माणसाला रस्ता विचारला की तो आपल्याच घरी नेतो.

बिडाचा_तवा (मंगळवार, दुपारी १२:०१)

नेतो आणि जेवायला घालतो. येवा.

सीमेवरचा (मंगळवार, दुपारी १:२०)

बेळगावकडून एक सूचना. थापून उलटायचंच नाही. आमच्या बाजूला तालिपट्टी म्हणतात, कानडी शेजारणी तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टीही अशीच करतात. गार तव्याला तेल लावायचं, गोळा तव्यावरच ठेवायचा, ओल्या बोटांनी कडेपर्यंत पसरायचा, भोकं, तेल, झाकण आणि मग गॅस पेटवायचा. उलटताना तुटायचा प्रश्नच नाही, कारण उलटतच नाही. अडचण एकच, दुसऱ्याच्या वेळी तवा गरम असतो. आई दोन तवे ठेवायची. एक गॅसवर, दुसरा नळाखाली पालथा. माझ्याकडे एक तवा आणि एक जुनी कढई आहे. कढईतलं मधे जाड होतं आणि कडेला कुरकुरीत. घरात त्यावरूनच भांडणं.

करडई (मंगळवार, दुपारी १:४१)

हे उत्तम आहे आणि मी विसरलेच होते. फक्त बिडाचा तवा असेल तर तापलेला असताना नळाखाली धरू नका, तडकतो. लोखंडी पत्र्याचा चालतो. नॉनस्टिकलाही गार पाण्याचा झटका नको.

खानदेशी_ठेचा (मंगळवार, रात्री ८:१५)

एवढी चर्चा झाली आणि कळण्याचं नाव कुणी काढलं नाही? आमच्याकडे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालूनच दळतात, साधारण चार पायली ज्वारीला एक पायली उडीद. त्या पिठाची भाकरी तुटत नाही, कारण उडीद चिकट असतो. ज्वारी हातात धरत नाही अशी तक्रार असेल तर मूठभर उडदाचं पीठ घाला, कणकेची गरज नाही. आणि दुसरं म्हणजे कळण्याच्या भाकरीला वेगळं कालवण लागत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा, तेल, वर कच्चा कांदा. वांग्याचं भरीत असेल तर मग माणूस उठतच नाही.

आर्या_मम्मी (मंगळवार, रात्री ९:३०)

खानदेशी दादा, तुम्ही नकळत माझं काम केलंत. माझ्या मुलीला सेलिॲक आहे, गहू औषधालाही चालत नाही. सगळे "थोडी कणीक घाला" म्हणतात तिथे मी अडकते. आता उडीद घालून बघते.

या निमित्ताने दोन गोष्टी सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मला हे कळायला सात महिने लागले. आणि गिरणीचं मावशींनी लिहिलंय ते आमच्याकडे जिवावरचं आहे. गव्हावर दळलेली ज्वारी आम्हाला चालत नाही. मी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालत नाही. सासूबाई पहिले दोन महिने तिच्याकडे सवतीसारख्या बघायच्या.

भाजणीवाली_मावशी (मंगळवार, रात्री ९:४८)

आर्याच्या आई, गहू काढून टाकला तरी भाजणीचं काही बिघडत नाही. त्याऐवजी उडीद वाढवा आणि मूठभर मूग घाला. दळण तुमच्या घरघंटीत. हिंगाचं मला खरंच माहीत नव्हतं.

ह्यूस्टनची_वहिनी (बुधवार, पहाटे ५:१०)

इथे ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण एकदा ऐन वेळी संपलं आणि मी मेक्सिकन दुकानातून मासा हारिना आणलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून, वाळवलेलं ते पीठ. चुन्यामुळे मक्याचं पीठ छान एकजीव होतं, गव्हाचा कणही लागत नाही. निम्मं ते, निम्मं बेसन, बाकी सगळा आपला मसाला. चव थालीपिठाची नाही, पण कुणी तक्रार केली नाही. त्यांचा टॉर्टिया दाबायचा यंत्र-पोळपाटही घेतला, आत बटर पेपर घालून थालीपीठ दाबते. कांदा फार बारीक चिरावा लागतो, नाहीतर कडा फाटतात.

खरी अडचण वेगळीच आहे. तेल आणि कांदा तव्यावर पडला की धुराचा भोंगा वाजतो. त्यामुळे आमच्याकडे थालीपीठ हे दोन माणसांचं काम आहे. एक तव्यापाशी आणि एक भोंग्याखाली पंचा हलवत.

दोडका (बुधवार, सकाळी ८:०२)

देवासमोर चवरी ढाळतात तसं. थालीपिठाला हा मान आहेच.

मु_पो_सांगली (बुधवार, सकाळी ८:३०)

थोडं अवांतर. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'मिलेट पॅनकेक' मिळतो. किंमत १४० रुपये. बघितलं तर ज्वारीचं धिरडं, वर पुदिन्याचं पान. आजीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पान कशाला?

उशिराची_लोकल (बुधवार, रात्री ११:२५)

सगळ्यांचे आभार. आजचा अहवाल.

पीठ भाजायला रविवारपर्यंत थांबलो नाही, आल्या आल्या दोन वाट्यांचं भाजलं. वास आल्यावर बाबा टीव्ही सोडून स्वयंपाकघरात डोकावून गेले, बोलले काही नाही. उकळतं पाणी घातलं, बोटं भाजली. कांदा एकच. थापायला पुन्हा पिशवीच घेतली, पण तेल जरा जास्त लावलं, तर थापताना गोळा पिशवीवर नुसता घसरायला लागला. एक बाजू जाड, एक पातळ. तव्यावर उलटलं तेव्हा मात्र अख्खं सुटलं. कडा सुटेपर्यंत थांबलो, आणि खरंच, उलथणं लावल्यावर सगळं एका दमात उचललं गेलं! खालून तांबूस. जाड बाजू थोडी कच्ची.

वेळ: अडतीस मिनिटं. बाबा: "आता आकार आला."

करडई (बुधवार, रात्री ११:४०)

"आकार आला" म्हणजे वरची श्रेणी. पिशवी सोड, पंचा घे. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती. ओला करून पिळायचा, पोळपाटावर ताणून पसरायचा, हात पाण्यात बुडवून थापायचं. तेलावर पीठ घसरतं, ओल्या फडक्यावर घसरत नाही. मग दोन कडा धरून पंच्यासकट तव्यावर पालथं घालायचं, फडक्यावरून ओला हात फिरवायचा आणि एका टोकापासून सावकाश सोलत आणायचं. घाई केलीस की मधला कांदा फडक्याबरोबर वर येतो. पंचा सुटला की थालीपिठावर विणीची नक्षी उमटलेली दिसते, ती दिसली की समज पाणी बरोबर होतं.

सीमेवरचा (गुरुवार, सकाळी ९:१५)

मी अजूनही म्हणतो, गार तवा.

बिडाचा_तवा (गुरुवार, सकाळी ९:२०)

केळीचं पान मिळालं तर पंचा, पिशवी, सगळं बाजूला. पानावर थापायचं आणि पानासकट तव्यावर घालायचं, पान वर. दोन मिनिटांत पान स्वतःहून सुटतं. तांदळाचं पीठ असेल तर दोन्ही बाजूंनी पान लावा, पानगी होते. डोंबिवलीत फूलवाल्याकडे पान मिळेल.

लातूरकर_पुण्यात (गुरुवार, सकाळी १०:०५)

दमून आलेला माणूस साडेआठला फूलवाल्याकडे जाऊन केळीचं पान शोधणार आणि मग वीस मिनिटांत थालीपीठ करणार. दिवे घ्या, पण तुम्ही लोक खरोखर नोकरी करता ना?

भाजणीवाली_मावशी (गुरुवार, सकाळी ११:३०)

लातूरकरांशी पहिल्यांदाच सहमत. सकाळी डबा करतानाच पीठ-मसाला कोरडा मिसळून ठेव. संध्याकाळी फक्त कांदा आणि पाणी. मळून मात्र ठेवू नकोस, फ्रिजमध्येही नाही. कांदा सुटतो.

उशिराची_लोकल (रविवार, दुपारी १:५०)

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

शुक्रवारी कोरडं मिश्रण सकाळी तयार होतं. आईचा एक जुना पंचा सापडला. घरात शिरल्यापासून पहिलं थालीपीठ ताटात पडेपर्यंत तेवीस मिनिटं, त्यात हातपाय धुणं धरलंय. नक्षी उमटली. उडदाचं पीठ दोन चमचे घातलं होतं (खानदेशी दादा, धन्यवाद), एकही तुटलं नाही. बाबांनी दोन खाल्ली, तिसरं अर्धं मागून घेतलं आणि दही संपल्याची तक्रार केली. आमच्या घरात यापेक्षा जास्त कौतुक होत नाही.

आज आईला फोनवर हे सगळं ऐटीत सांगितलं. पीठ कसं भाजलं, धणे कसे भरडले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, पण भाजणी आहे ना घरात. वरच्या फळीवर, 'साबुदाणा' लिहिलेल्या डब्यात. दोन किलो करून ठेवून आलेय."

दोडका (रविवार, दुपारी १:५३)

आईशप्पथ.

सोनचाफा_७ (रविवार, दुपारी १:५८)

आमच्याकडे 'चहा' लिहिलेल्या डब्यात मोहरी असते, त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

भाजणीवाली_मावशी (रविवार, दुपारी २:१०)

माऊली! ती अशीच जाणार नाही हे मला वाटतच होतं. आता एकदा त्या भाजणीचं कर आणि मग मला सांग, दोन्हींत फरक आहे की नाही.

लातूरकर_पुण्यात (रविवार, दुपारी २:१५)

आणि फरक नसेल तर तेही इथेच लिही, मावशी झोपल्यावर.

करडई (रविवार, दुपारी २:३०)

एक शंका. साबुदाण्याच्या डब्यात भाजणी आहे, तर सोमवारी तू "बेसनाच्या डब्यातलं" पाऊण वाटी घातलं होतंस, ते नक्की काय होतं?

उशिराची_लोकल (रविवार, दुपारी २:३१)

थांबा, बघून येतो.